जपानच्या सहलीतला एक पूर्ण दिवस इसे येथील देवस्थानासाठी द्यावा का, आणि तिथे दर्शन कसे घ्यावे?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा समजलो: दहा दिवसांच्या सहलीत टोकियो, क्योतो आणि ओसाका ठरलेले आहेत, एक दिवस मोकळा आहे, आणि इसेबद्दल आपल्याला दोन टोकांचे सल्ले मिळाले आहेत. काहीजण म्हणतात की इसे पाहिल्याशिवाय शिंतो हा जपानचा मूळ धर्म कळत नाही, तर काहीजण म्हणतात की तिथे पाहण्यासारखे काहीच नाही. माझ्या मते हे दोन्ही सल्ले खरे आहेत. मी नोकरीनिमित्त नागोयाला चार वर्षे राहिलो आणि त्या काळात तीन वेळा इसेला गेलो. पहिल्या वेळी मी निराश होऊन परतलो, दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर आई होती, आणि तिसऱ्या वेळी मी केवळ स्वतःच्या इच्छेने, पहाटेची वेळ साधून गेलो. पहिल्या खेपेपूर्वी मला जे कोणीतरी सांगायला हवे होते, ते येथे लिहितो.

प्रथम नकाराची बाजू सांगतो. आपल्याला शेंदरी तोरी कमानींची रांग आणि त्याखाली काढलेली छायाचित्रे हवी असतील, तर क्योतोच्या फुशिमी इनारीला जावे. इनारी स्थानकातून बाहेर पडताच समोर देवस्थान आहे, ते रात्रंदिवस उघडे असते आणि त्याला प्रवेशशुल्क नाही. इसेला यांपैकी रंग नाही, कोरीव काम नाही, मूर्ती नाही आणि मुख्य देवालयही जवळून दिसत नाही. ज्या पायऱ्या चढून आपण देवासमोर जातो, त्यांच्या खालीच छायाचित्रे काढणे थांबवावे लागते. एकच मोकळा दिवस हाताशी असताना हे आधी माहीत असलेले बरे.

आता इसे म्हणजे नेमके काय, ते पाहू. जपानी लोक त्याला नुसते ‘जिंगू’ म्हणतात, आणि त्या एका नावाखाली लहानमोठी १२५ देवालये येतात. त्यांपैकी दोन प्रमुख आहेत. ‘नाइकू’ म्हणजे आतले देवस्थान, जिथे सूर्यदेवता आमातेरासु हिची पूजा होते. जपानचे राजघराणे तिला आपली पूर्वज मानते. ‘गेकू’ म्हणजे बाहेरचे देवस्थान, जिथे अन्नाची देवता तोयोउके आहे. या दोहोंमध्ये चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे. आमातेरासुचे प्रतीक असलेला पवित्र आरसा नाइकूच्या गाभ्यात आहे, परंतु तो कोणालाही दाखवला जात नाही. देवालयाभोवती एकाच्या आत एक अशी चार लाकडी कुंपणे आहेत, आणि सामान्य भाविक बाहेरच्या एका दारापाशी, टांगलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर उभा राहून नमस्कार करतो. वारा सुटला की पडदा क्षणभर वर उडतो आणि आतल्या अंगणाचा तुकडा दिसतो. इसेचे दर्शन म्हणावे ते एवढेच.

पहिल्या खेपेला मी दुपारी बारा वाजता, सुट्टीच्या दिवशी थेट नाइकूला गेलो. मनात पंढरपूर-तुळजापूरचा हिशेब होता: रांग, मग गाभारा, मग देवाच्या डोळ्याला डोळा. रांग मिळाली, पडदा मिळाला, आणि मागच्या गर्दीने पुढे सरकवल्यावर मी दोन मिनिटांत बाजूला झालो. त्या दिवशी वारासुद्धा नव्हता. खरी चूक अशी झाली होती की मी जिथे पाहायचे तिथे पाहतच नव्हतो. देवालयाच्या शेजारी, तेवढ्याच आकाराची एक मोकळी जागा होती, पांढऱ्या-करड्या गोट्यांनी झाकलेली आणि मधोमध एक खोपटाएवढी लाकडी पेटी असलेली. ती मी बांधकामाची उरलेली जागा समजून ओलांडली.

ती मोकळी जागा हेच इसेचे मर्म आहे. दर वीस वर्षांनी त्या जागेवर अगदी तसेच, त्याच मापाचे नवे देवालय उभारले जाते, रात्रीच्या अंधारात देवतेला नव्या घरी नेले जाते आणि जुने देवालय उतरवले जाते. मग जुन्याची जागा पुढची वीस वर्षे मोकळी राहते. या विधीला ‘शिकिनेन सेंगू’ म्हणतात. पहिले स्थलांतर सम्राज्ञी जितो हिच्या कारकिर्दीत, इ. स. ६९० मध्ये झाल्याचे मानले जाते. ६२ वे २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये झाले आणि ६३ वे २०३३ मध्ये व्हायचे आहे. त्यासाठी लागणाऱ्या लाकडाच्या निमित्ताने पर्वतदेवतेची परवानगी मागण्याचा पहिला विधी २०२५ च्या मे महिन्यातच झाला. म्हणजे आपण आता गेलात तर आठ वर्षे चालणाऱ्या एका कार्याच्या मध्येच पोहोचाल.

वीसच वर्षे का, याचे एकमेव अधिकृत उत्तर नाही, पण बांधकाम पाहिले की अर्धे उत्तर कळते. देवालयाचे खांब हिनोकी नावाच्या सुवासिक लाकडाचे असतात, त्यांना रंग-रोगण नसते, आणि ते सरळ जमिनीत पुरलेले असतात. आपल्याकडच्या वाड्यांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो, तसा येथे नाही. छप्पर गवताने शाकारलेले असते. जपानच्या दमट हवेत असे बांधकाम फार काळ टिकणारच नाही. उरलेले अर्धे उत्तर माणसांच्या आयुष्यात आहे: वीस वर्षांच्या अंतरामुळे एखादा सुतार पहिल्या वेळी उमेदवार म्हणून, दुसऱ्या वेळी कसबी कारागीर म्हणून आणि तिसऱ्या वेळी शिकवणारा म्हणून हजर राहू शकतो. नवे होते ते केवळ घर नव्हे. देवतेची वस्त्रे, तलवारी, धनुष्ये, आरसे अशा ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तूही पुन्हा जुन्या पद्धतीनेच घडवल्या जातात.

ओडिशातील पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर आपल्याला माहीत असेल. २०१५ मध्ये तो झाला होता. तिथे देऊळ तेच राहते आणि देवाच्या लाकडी मूर्ती नव्या होतात. इसेला याच्या नेमके उलट आहे: आरसा तोच, घर नवे. या फरकाचा विचार मला ग्रंथालयात बसून सुचला, पण आईने माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितले. मोकळ्या जागेसमोर उभे राहून मी तिला हा सगळा प्रकार समजावत होतो, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आम्ही जमीन सारवायचो तसंच की. सारवलेली जमीन जुनी म्हणायची की नवी?” मी तिला उत्तर दिले नाही.

ही परंपरा अखंड आहे, असे माहितीपत्रकांतून वाचायला मिळते, ते मात्र तितकेसे खरे नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीच्या काळात पैसा आटला आणि दोन्ही देवस्थानांचे स्थलांतर १२० वर्षांहून अधिक काळ थांबले. ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून गावोगाव फिरून वर्गणी गोळा करणाऱ्यांत केइकोइन या मठातील सेइजुन ही बौद्ध भिक्षुणी अग्रभागी होती, आणि १५६३ मध्ये गेकूचे नवे देवालय तिच्या प्रयत्नांनी उभे राहिले. नाइकूचे काम १५८५ मध्ये पार पडले. यात एक गंमत आहे. इसेच्या परिसरात बौद्ध शब्द उच्चारणे निषिद्ध होते. बुद्धाला ‘मधले मूल’, सूत्रग्रंथाला ‘रंगवलेला कागद’, बौद्ध मंदिराला ‘कौलारू’ आणि मुंडण केलेल्या भिक्षूला चक्क ‘लांब केसांचा’ म्हणावे, असा तिथला दंडक होता. अशा ठिकाणाचा जीर्णोद्धार एका मुंडण केलेल्या बाईने करावा, हे मला फार आवडते. दुसरा खंड अलीकडचा आहे. युद्धात हरल्यामुळे १९४९ चे स्थलांतर पुढे ढकलून १९५३ मध्ये झाले, पण नाइकूच्या प्रवेशाचा उजी पूल निदान ठरल्या वर्षी बांधू या, असे लोकांनी ठरवले. म्हणूनच आजही पुलाचे नूतनीकरण देवालयाच्या चार वर्षे आधी होते. सध्याचा पूल २००९ चा आहे.

उतरवलेले लाकूड टाकून दिले जात नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना ज्या उंच तोरी कमानी आहेत, त्या जुन्या देवालयांच्या आढ्याला आधार देणाऱ्या मोठ्या खांबांपासून केलेल्या असतात: बाहेरची गेकूच्या खांबांची, आतली नाइकूच्या. तिथे वीस वर्षे काढल्यावर त्या कमानी जुन्या तीर्थमार्गावरील कुवाना आणि सेकी या गावी उभारल्या जातात आणि आणखी वीस वर्षे सेवा करतात. पूल ओलांडताना त्या खांबाला हात लावून पाहावा. त्याने आधी देवाचे छप्पर पेललेले असते. नव्या लाकडाची तजवीजही अशाच लांब हिशेबाने केलेली आहे. एका खेपेला सुमारे दहा हजार हिनोकी वृक्ष लागतात, आणि कित्येक शतके ते किसोच्या डोंगरांतून येत आले. देवस्थानाने १९२३ मध्ये स्वतःच्या जंगलासाठी दोनशे वर्षांची योजना आखली, आणि २०१३ च्या बांधकामात पाव हिश्श्याच्या आसपास लाकूड त्या घरच्या जंगलातून आले.

आता प्रत्यक्ष दर्शनाकडे वळतो. रिवाज असा की आधी गेकू, मग नाइकू. घाईचे प्रवासी गेकू वगळतात, आणि माझ्या मते तिथेच त्यांचा दिवस वाया जातो. इसेशी स्थानकापासून गेकू पायी दहा मिनिटांच्या आत आहे, तिथे गर्दी कमी असते, आणि मोकळी जागा रस्त्यालगतच इतकी स्वच्छ दिसते की वर सांगितलेली सगळी गोष्ट न बोलता समजते. दंतकथा अशी की, आमातेरासुने सम्राटाच्या स्वप्नात येऊन ‘एकटीने जेवण जात नाही’ अशी तक्रार केली, म्हणून तोयोउकेला तांबा प्रांतातून आणून तिच्या शेजारी वसवले. परंपरेने हे वर्ष ४७८ मानतात. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ गेकूमध्ये देवतांना नैवेद्य दाखवला जातो: भात, मासे, समुद्रशेवाळ, भाज्या, फळे, मीठ, पाणी आणि तांदळाची मद्ये. त्यासाठीचा अग्नी आजही लाकडावर लाकूड घुसळून पाडतात, पाणी ठरलेल्या विहिरीचे असते आणि मीठ देवस्थानाच्या स्वतःच्या मिठागरातले. या अग्नीचे जपानी नाव मी आईला ‘सोवळ्याचा विस्तव’ असे भाषांतरून सांगितले, आणि मग तिला पुढचे काही समजावावे लागले नाही.

गेकूच्या आवारातच, तळ्याकाठी ‘सेंगूकान’ हे संग्रहालय २०१२ मध्ये सुरू झाले आहे. कुंपणाआड जे दिसत नाही, ते येथे दिसते: गेकूच्या मुख्य देवालयाच्या एका भागाची पूर्ण आकारातील प्रतिकृती. छपराच्या टोकांवर फुलीसारखे वर आलेले वासे आणि आढ्यावर आडवे ठेवलेले ओंडके येथे नीट पाहून घ्यावेत, कारण पुढे त्यांचा उपयोग आहे. गेकूच्या वाशांची टोके उभी छाटलेली असतात आणि ओंडके नऊ असतात. नाइकूच्या वाशांची टोके आडवी छाटलेली आणि ओंडके दहा. नाइकूला मुख्य देवालयाच्या बाजूने आरामात्सुरी-नो-मिया या उपदेवालयाकडे जाणारी वाट आहे. त्या वाटेवर कुंपणावरून छपरांचे शेंडे दिसतात, आणि त्याच शैलीचे धान्याचे कोठार अगदी जवळून पाहता येते. देवालयाच्या या बांधणीचे मूळ प्राचीन धान्यकोठारांत आहे असे मानतात, म्हणून तिथे पाच मिनिटे थांबावे.

नाइकूमध्ये उजी पूल ओलांडल्यावर वाटेच्या उजव्या बाजूने चालण्याची पद्धत आहे, गेकूमध्ये डाव्या. थोडे पुढे इसुझू नदीचा घाट लागतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, आईने, केइशोइन हिने, हा दगडी काठ बांधवून दिला असे सांगतात. हौदावरच्या पळीने हात धुण्याऐवजी येथे नदीच्या पाण्यातच हात आणि तोंड शुद्ध करता येते. आई नुसते हात धुवून निघणार नाही याची मला कल्पना होती. तिने ओंजळभर पाणी डोक्यावर शिंपडले आणि सूर्याकडे तोंड करून अर्घ्य सोडले. शेजारच्या जपानी आजींनी तिच्याकडे पाहून मान लववली. सूर्यदेवतेच्या दारात यात कोणाला काही वावगे वाटले नसावे.

देवासमोर उभे राहिल्यावर दोनदा कमरेत वाकून नमस्कार, दोन टाळ्या, हात जोडून क्षणभर स्तब्धता, आणि शेवटी पुन्हा एकदा वाकून नमस्कार, एवढाच विधी आहे. टोपी असल्यास काढावी. मुख्य देवालयासमोर दानपेटी नाही, कारण प्राचीन काळी येथे सम्राटाखेरीज कोणालाही अर्पण करण्याची मुभा नव्हती. लोक तरीही नाणी टाकतात, म्हणून एक पांढरे कापड अंथरलेले असते. मुख्य देवालयासमोर स्वतःसाठी काही मागू नये, केवळ आभार मानावेत, असा संकेत आहे. नवस-सायास करायचाच असेल तर नाइकूच्या आरामात्सुरी-नो-मियामध्ये किंवा गेकूच्या ताका-नो-मियामध्ये करावा. इतर देवस्थानांत मिळणाऱ्या भविष्याच्या चिठ्ठ्या येथे मिळत नाहीत. चपला काढण्याचा प्रश्न तर उद्भवतच नाही. आईने बराच वेळ चपलांचा स्टँड शोधला, पण सगळी वाट खडीची असून पायांत चांगले बूटच हवेत. आणखी एक गोष्ट आपल्या घरांतील ज्येष्ठांना लगेच पटेल: घरात मृत्यू झाला असेल तर पन्नास दिवस देवस्थानात जाऊ नये, असे जपानी लोकही मानतात. थोडक्यात, सुतक त्यांनाही आहे.

नाइकूच्या दाराशी ‘ओहाराइमाची’ हा सुमारे आठशे मीटरचा जुन्या धाटणीचा बाजार आहे आणि त्याच्या मध्यावर १९९३ मध्ये वसवलेली ‘ओकागे योकोचो’ ही गल्ली. ती नवी असली तरी तिच्या नावामागचा इतिहास खरा आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील शोगुनांच्या राजवटीत, सामान्य माणसाला प्रवासाची सहज परवानगी नसे, परंतु इसेची यात्रा म्हटले की अडवणे कठीण होई. गावकरी मिळून ‘इसे-को’ नावाचे मंडळ काढत, दरमहा थोडे पैसे जमवत आणि चिठ्ठ्या टाकून ज्याचे नाव निघेल त्याला सर्वांच्या वतीने यात्रेला पाठवत. आपली भिशीच, फक्त देवाच्या नावाने. साधारण साठ वर्षांच्या अंतराने यात्रेची लाटच उसळत असे. १८३० च्या लाटेत काही महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक लोक इसेला गेल्याचा अंदाज आहे. मालकाला न सांगता पळून निघालेले नोकर आणि मुले हातात एक पळी घेऊन निघत, आणि वाटेतले लोक त्यात अन्न-पैसे घालत. ज्यांना स्वतःला जाणे शक्य नव्हते, त्यांतील काहींनी आपला कुत्रा पाठवला. गळ्यात पैशांची पुरचुंडी बांधलेले हे यात्रेकरू कुत्रे त्या काळच्या चित्रांत दिसतात, आणि आज त्यांच्या मातीच्या बाहुल्या त्या गल्लीत विकत मिळतात.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. किन्तेत्सु कंपनीच्या जलद गाडीने नागोयाहून साधारण दीड तास, ओसाका किंवा क्योतोहून दोन तासांच्या आसपास लागतात. परदेशी प्रवाशांसाठीचा जेआर रेल्वेचा पास किन्तेत्सुवर चालत नाही, आणि नागोयाहून जेआरच्या ‘मिए’ गाडीने गेलात तर मधल्या इसे रेल्वेच्या टप्प्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. दोन्ही देवस्थाने पहाटे पाचला उघडतात. बंद होण्याची वेळ मात्र ऋतूनुसार बदलते, उन्हाळ्यात सात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पाच. शक्य असल्यास आदल्या रात्री इसेला मुक्काम करून उजाडताना नाइकू गाठावे. मग रिवाजाचा क्रम उलटा होईल, पण धुक्यात पूल आणि पायांखाली खडीचा आवाज याखेरीज काही नसेल. तिसऱ्या खेपेला मी तसेच केले, आणि त्या दिवशी पडदाही उडाला. नववर्षाचा पहिला आठवडा आणि प्रत्येक महिन्याची पहिली तारीख टाळावी. त्या दिवशी भाविक मुद्दाम पहाटे येतात.

शाकाहारी असाल तर प्रसिद्ध ‘इसे उदोन’ (गव्हाच्या जाड शेवया) जपून घ्यावे, कारण त्या काळ्याभोर रश्श्यात माशांचा अर्क असतो. ‘आकाफुकू’ मात्र निर्धास्त खावे. १७०७ पासून चालत आलेल्या या दुकानात तांदळाच्या मऊ मोचीवर लाल चवळीसारख्या आझुकीचे गोड पुरण बोटांनी लिंपून देतात. वरच्या तीन रेघा म्हणजे इसुझूचा प्रवाह आणि खालची पांढरी मोची म्हणजे तिच्या तळाचे गोटे. त्यात वेलदोडा नाही, एवढीच आईची तक्रार होती. घरी नेण्यासाठी खोके घेणार असाल तर भारतात परतण्याचा दिवस आधी पाहा, कारण ही मोची उन्हाळ्यात दोन आणि हिवाळ्यात तीन दिवसच टिकते.